तिळकूट खाल्लेल्या अळ्या

"मोहरील, ह्या उठत नाहीयेत."

वृंदा चिंचोळकर हे इतक्या शांतपणे म्हणाली, की मला आधी वाटलं तिच्या वसतिगृहातल्या मुलींचं काहीतरी चाललंय. मग तिच्या हातातला ट्रे दिसला. ट्रेमध्ये काचेच्या नळ्या उभ्या होत्या, प्रत्येक नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा आणि प्रत्येक नळीत एक हिरवी बोंडअळी. सगळ्या आडव्या. मी एकीला ब्रशच्या टोकानं हलवलं. ती हलली, पण टाकलेला दोरा हलतो तशी.

बोंडअळ्या मेल्या म्हणून ज्यांना वाईट वाटलं, अशी विदर्भात त्या दिवशी आम्ही तीनच माणसं असू. वृंदा, मी आणि आमचे डॉक्टर ढोमणे.

आमचं कापूस संशोधन केंद्र गावाबाहेर, जिनिंग कारखान्याच्या पलीकडे होतं. ढोमणे सर तिथले कीटकशास्त्रज्ञ, आम्ही दोघं त्यांचे संशोधन सहायक, तेही प्रकल्प असेपर्यंत. या अळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळी नळी. केंद्रात स्वतंत्र खोली मिळालेले कर्मचारी फक्त तेच. आम्ही तिघं एका टेबलावर बसत असू आणि त्या टेबलाचा एक पाय लाकडी ठोकळ्यावर होता.

मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच संध्याकाळी सरांनी मला एक गंमत दाखवली होती. शेतातून आणलेली एक अळी घेतली, तिच्या पाठीवर सुईनं विषाचा एक बारीक थेंब ठेवला. बाजारात नवं म्हणून गाजलेलं, महागातलं औषध. अळी वळवळली, पिळवटली, आडवी झाली. मी म्हणालो, मेली. सर म्हणाले, सकाळी या. सकाळी आलो तर ती नळीत बसून खात होती. रात्री काही झालं होतं याची तिच्या चेहऱ्यावर खूणसुद्धा नव्हती. अळीला चेहरा असतो का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

"ही विष पचवते," सर म्हणाले. एवढंच. मग ते हात धुवायला गेले.

त्यांच्याबद्दल सांगायचं तर हात धुणं हे त्यांचं अर्धं चरित्र होतं. प्रयोगशाळेच्या दारावर त्यांच्याच हस्ताक्षरातली पाटी होती, 'बाहेरचे काहीही आत आणू नये'. तंबाखूचा खर्रा तर सोडाच, वृंदाला मोगऱ्याचा गजरासुद्धा खुंटीला लावून आत यावं लागे. काचेचं भांडं तीनदा धुतलं नाही तर ते स्वतः चौथ्यांदा धुवत आणि धुताना आमच्याकडे बघत.

तर अशा माणसानं तीन वर्षं ओरडून सांगितलं होतं की आपल्या भागातली अळी औषधाला मुरली आहे. शेतकरी औषध मारून मारून थकतो आणि अळी बोंडात शिरते, ती त्यामुळे. वरच्या कचेरीतल्या निंभोरकर साहेबांना हे मान्य नव्हतं. ते संशोधन संचालक होते आणि त्यांचं एक परिपत्रक निघालेलं होतं. त्यात म्हटलं होतं की अळी मरत नाही, याचा अर्थ फवारणी नीट होत नाही. परिपत्रक एकदा निघालं की अळीनंही त्याप्रमाणे वागावं, अशी साहेबांची रास्त अपेक्षा होती. सरांनी पत्रामागून पत्रं लिहिली. शेवटी साहेबांनी कळवलं की महिनाअखेर मी स्वतः येतो, बाजारातून सीलबंद बाटली स्वतः आणतो, स्वतःच्या हातानं थेंब ठेवतो. अळ्या जगल्या तर परिपत्रक मागे घेईन. मेल्या तर ढोमण्यांनी फवारणीच चुकते असं लिहून द्यावं, आणि प्रयोगशाळेची खोली गुलाब विभागाला द्यावी. त्यांना बरेच दिवस जागा हवी आहे.

खोली गेली की प्रकल्प गेला आणि प्रकल्प गेला की वृंदा आणि मी. शेतकऱ्यांचं काय, तर त्यांनी फवारत राहायचं.

अशा वेळी, साहेब यायच्या आधी घेतलेल्या साध्या सरावाच्या चाचणीत, आमच्या मुरलेल्या अळ्या एका रात्रीत मरून पडल्या होत्या.

सर आले. ट्रे पाहिला. भिंग घेतलं, एकेक नळी पाहिली आणि मग स्टुलावर बसले. प्रयोगशाळेत त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"ट्रे बदलला?" त्यांनी विचारलं.

त्यांना शंका होती ती दुसऱ्या घराण्याची. आमच्याकडे अळ्यांची दोन घराणी होती. एक शेतातलं, मुरलेलं. दुसरं पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळेत वाढवलेलं, विषाचा वासही न घेतलेलं. त्यांना आम्ही लाडावलेल्या म्हणायचो. त्या नुसत्या विषाच्या विचारानं मरत. वृंदानं नळ्यांवरच्या चिठ्ठ्या दाखवल्या. ट्रे बदललेला नव्हता. मग विषाचं प्रमाण तपासलं, सुई तपासली, खोलीचं तापमान तपासलं. सरांनी मला माझा अंगठा दाखवायला सांगितलं. का ते मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच बाटलीतलं औषध, त्याच घराण्याच्या अळ्या, पण खाणं नव्यानं शिजवलेलं. अळ्या आडव्या झाल्या आणि सकाळी उठून खायला लागल्या. वृंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. कीड जगली म्हणून रडणारी बाई मी आधी पाहिली नव्हती.

मग सरांनी मेलेल्यांना घातलेल्या घाण्यातलं उरलेलं खाणं दुसऱ्या अळ्यांना आठवडाभर घातलं आणि पुन्हा थेंब ठेवला. त्या मेल्या. आता एवढं पक्कं झालं की भानगड त्या एका घाण्याच्या खाण्यात आहे. पण त्या खाण्यात होतं काय? बेसन, यीस्ट, अगार, जीवनसत्त्वाची पूड आणि बुरशी लागू नये म्हणून फॉर्मालिन. सगळं त्याच डब्यांतलं. शिवाय नुसतं ते खाऊन अळ्या मरत नव्हत्या. उलट छान गुबगुबीत होत होत्या. विष नसेल तर त्या खाण्यात काहीच वाईट नव्हतं. खाणं बिनविषारी, अळ्या विषाला मुरलेल्या, आणि दोन्ही एकत्र आले की मृत्यू. सर खोलीत येरझारा घालायला लागले. खोली लहान असल्यामुळे आम्हाला बाहेर उभं राहावं लागलं.

साहेबांचा दौरा पक्का झाल्याची तार आली, त्या संध्याकाळी सरांनी आम्हाला कागदपत्रं घेऊन घरी बोलावलं. त्यांचं घर केंद्राच्या वसाहतीतच होतं. दार सिंधूकाकूंनी उघडलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, वसाहतीतल्या सगळ्या बायकांच्या पुढारी. संक्रांत होऊन गेली होती, पण रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, त्यामुळे बैठकीत सतरंज्या अजून होत्याच. वृंदाला हळदकुंकू लागलं, आम्हा सगळ्यांच्या हातावर तिळाचा एकेक लाडू आला. सर टेबलावर कागद पसरत होते.

"काहून हो मोहरील," काकू म्हणाल्या, "कूट कसं झालं होतं ते तरी सांगाल का नाही? एवढं पाठवलं अन् कोणी एका शब्दानं बोललं नाही."

मी विचारलं, कसलं कूट.

"तिळकूट. मिक्सरच्या भांड्यात घालून दिलं होतं ना."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. प्रयोगशाळेत अळ्यांचं खाणं वाटायचा एक मोठा मिक्सर होता, हॉटेलात असतो तसा. वसाहतीतले घरगुती मिक्सर तिळाला दमत. त्यामुळे दर संक्रांतीला प्रयोगशाळेचा मिक्सर एका संध्याकाळपुरता गायब होई आणि सकाळी जागेवर असे. तो कोण नेतं हे आम्हाला ठाऊक होतं. सायकलच्या कॅरियरवर टॉवेल झाकून मिक्सर नेणारा तसा दुसरा माणूस केंद्रात नव्हता. दारावरची पाटी त्याच माणसाच्या हस्ताक्षरात असल्यामुळे आम्ही कधी काही बोललो नव्हतो.

सरांचे हात कागदांवर थांबले.

"भांडं रिकामं दिलं नव्हतंस?" त्यांनी विचारलं.

"रिकामं भांडं वापस कसं देऊ? संक्रांतीच्या दिवसात?" काकूंच्या आवाजात अशी शंका काढणाऱ्याबद्दल कीव होती. "अन् तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नेलं असतं का? मूठभरच होतं बाप्पा. चांगलं दोन मुठी म्हणा. म्हटलं, लेकरं दिवसभर त्या किड्यांत राहतात, खातील."

वृंदा हातातला लाडू खाली ठेवत म्हणाली, "सर, भांड्यात पूड होती. मला वाटलं मोहरीलनी बेसन मोजून ठेवलंय."

"मला वाटलं तुम्ही ठेवलंय," मी म्हणालो. मी भांडं पाहिलं होतं आणि पुढे गेलो होतो. यीस्ट आणि फॉर्मालिन यांच्या वासात तिळाचा वास कोणाला येणार? वृंदानं त्यावरच उरलेलं सगळं घातलं होतं आणि बटण दाबलं होतं.

मला वाटलं सर आता ओरडणार. सर उठले, आत गेले आणि तिळाचा डबा काखेत घेऊन बाहेर आले. काकू म्हणाल्या, अहो, उद्या अजून पाच बायका यायच्या आहेत. सरांनी चपला घातल्या होत्या.

पुढचे काही दिवस प्रयोगशाळेतून भाजक्या तिळाचा वास येत होता आणि दारावर पाटी तशीच होती. कच्चे तीळ, भाजलेले तीळ, तिळाचं तेल, सगळं खाण्यात घालून पाहिलं. पुन्हा तेच. नुसते तीळ खाल्लेल्या अळ्या मजेत. नुसतं विष लागलेल्या अळ्या सकाळी उठून जेवायला बसत. तीळ खाऊन विष लागलेल्या मात्र उठत नव्हत्या.

सर एक दिवस विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले आणि धुळीनं माखून परत आले. ही गोष्ट जगाला फार पूर्वीच कळली होती. याच औषधाच्या मूळ कुळातलं, फुलांपासून काढलेलं एक औषध होतं. त्यात तिळाचं तेल मिसळलं की त्याची ताकद वाढते, हे कोणीतरी पन्नासेक वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. मला वाटलं सर खट्टू होतील.

"आपण पन्नास वर्षं मागे आहोत," ते म्हणाले, "पण रस्ता बरोबर आहे." असं खूश झालेलं मी त्यांना परत कधी पाहिलं नाही.

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. अळीच्या पोटात एक कचेरी आहे. विष आत आलं की तिथले कारकून त्याचे तुकडे तुकडे करतात आणि बाहेर घालवतात. मुरलेल्या अळीत कारकूनही जास्त आणि कामाला वाघ. तिळातला हा पदार्थ स्वतः कोणाला मारत नाही. तो फक्त आत जाऊन कारकुनाच्या समोरच्या खुर्चीवर बसतो. कारकून त्याच्यात अडकतो, उठता येत नाही, आणि तेवढ्यात विष शेजारच्या दारानं आत जातं. सर त्या पदार्थाला सोबती म्हणायचे. विषाचा सोबती. सरकारी नोकरीत असल्यामुळे मला हे एका दमात समजलं.

निंभोरकर साहेब आले. सोबत सीलबंद बाटली, एक ड्रायव्हर आणि गुलाब विभागाचा एक माणूस, टेप घेऊन. सरांनी तीन ट्रे मांडले. पहिल्यात साधं खाणं खाल्लेल्या मुरलेल्या अळ्या. दुसऱ्यात तिळाचं खाणं खाल्लेल्या. तिसऱ्यातल्याही तिळाच्याच, पण त्यांना विष लावायचं नव्हतं. साहेबांनी तीळ कशाला ते विचारलं. सर म्हणाले, सकाळी सांगतो. बाटली साहेबांनी फोडली, थेंब साहेबांनी ठेवले, चांगल्या वळणदार हातानं. तेही एके काळी कीटकशास्त्रज्ञच होते. थेंब ठेवताना त्यांची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून थोडी बाहेर येत होती, आणि त्यामुळे मला ते पहिल्यांदा जरा आवडले.

चहा होईपर्यंत दोन्ही ट्रेमधल्या अळ्या आडव्या होत्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"मेल्या, ढोमणे."

"झोपल्या असतील, सर."

गुलाबवाल्या माणसानं खिडकीची रुंदी मोजून घेतली. खोलीला कुलूप लागलं, किल्ली साहेबांनी स्वतःच्या खिशात घातली आणि ते विश्रामगृहावर गेले.

सकाळी कुलूप साहेबांनीच उघडलं. आम्ही त्यांच्या मागे.

पहिला ट्रे. मी ते कितीतरी वेळा पाहिलेलं होतं, तरी पुढे सरकलो. काल मेलेल्या सगळ्या अळ्या उठल्या होत्या. एकेक नळीत एकेक बाई, मान खाली घालून जेवतेय. कोणी काचेवर चढून बोळ्यापर्यंत जाऊन आलेली. कोणी नुकतीच कात टाकून, ताजी हिरवी, बाजूला बसलेली. साहेब वाकले. या नळीवरून त्या नळीकडे, त्या नळीवरून पुढच्या. थेंब त्यांनी स्वतः ठेवला होता. ते नुसते वाकत गेले.

मग दुसरा ट्रे. सगळं शांत. तिसऱ्यात तीळ खाऊन माजलेल्या अळ्या.

साहेबांनी चष्मा काढून रुमालानं पुसला आणि परत पहिल्या ट्रेशी गेले, तिथून दुसऱ्याशी. सरांनी कचेरी, कारकून आणि सोबती सगळं सांगितलं. मिक्सरही सांगितला. हे सांगायची काहीच गरज नव्हती. टॉवेलसकट सांगितला, मान ताठ ठेवून, जणू प्रयोगाच्या साहित्यात टॉवेलही होता.

साहेब ऐकत होते, पण त्यांच्या डोळ्यांत आता दुसरंच काही चमकत होतं.

"तीळ," ते म्हणाले. "ढोमणे, आपला तीळ. गावोगावी मिळतो. मी आजच कळवतो वरती. नवीन परिपत्रक काढू, औषधात तिळाचं तेल. अळीचा प्रश्न संपला. तुमचं नाव घालू."

मी वृंदाकडे पाहिलं, वृंदानं माझ्याकडे. प्रकल्प वाचला होता. गुलाबवाल्यानं टेप खिशात ठेवली होती. आता सरांनी फक्त हो म्हणायचं होतं.

सर दुसऱ्या ट्रेवर वाकलेले होते. भिंग डोळ्याला. ते बराच वेळ तसेच राहिले. मग त्यांनी कोपऱ्यातली एक नळी उचलली. ती तशीच खिशात टाकली असती तरी कोणाला कळलं नसतं. माझ्या मनात आलं, टाका.

"साहेब," ते म्हणाले, "इकडे या जरा."

नळीत एक अळी होती. तीळ खाल्लेली, साहेबांच्या हातचा थेंब लागलेली. मागचा भाग अजून लुळा होता. पुढचे पाय तिनं खाण्याच्या तुकड्यावर रोवले होते, आणि ती डोकं खालीवर करत होती. खात होती. तिळाचंच.

साहेब म्हणाले, एवढ्यांत एक, तिचं काय घेऊन बसलात.

"हिच्या पोटात आपण पाहिलेली कचेरी बंद आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज देवळात बोलावं तसा झाला होता. "म्हणजे हिच्याकडे दुसरी वाट आहे. कुठली, मला ठाऊक नाही. आपण सगळीकडे तेल ओतलं, साहेब, की बाकीच्या मरतील आणि हीच उरेल. पुढच्या वर्षी कपाशीत असतील त्या सगळ्या हिच्या लेकी."

साहेबांनी नळी हातात घेतली, खिडकीपाशी नेली आणि उजेडात धरली. त्यांचं अर्धं आयुष्य किडी मारण्यात गेलं होतं, आणि ते त्या अळीकडे बघत होते ते एखाद्या परक्या राजाच्या वकिलाकडे बघावं तसे. अदबीनं, आणि थोडं घाबरून.

"काय पाहिजे तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"वेळ," सर म्हणाले. "आणि शेतात काही पाठवण्याआधी मला विचारा."

साहेबांनी मान हलवली. जुनं परिपत्रक मागे घेतो म्हणाले, नव्याचं नाव काढलं नाही. किल्ली सरांच्या हातात दिली. जाताना दारात वळून त्यांनी परत एकदा त्या नळीकडे पाहिलं.

गाडी गेल्यावर वृंदा नेहमीप्रमाणे स्पिरिटची बरणी घेऊन आली. प्रयोग संपला की सगळ्या अळ्या त्या बरणीत जात, मेलेल्या आणि जिवंतही.

"हिला नको," सर म्हणाले. त्यांनी नवी नळी घेतली, तीनदा धुतली, पुसली आणि त्या अळीला ब्रशवर उचलून आत ठेवलं, लेकीला पाळण्यात ठेवावं तसं. ताज्या खाण्याचा तुकडा घातला. मग नळी माझ्या हातात दिली आणि ते हात धुवायला गेले.

नोकरी टिकली होती, मला आनंद व्हायला हवा होता. मी तसाच उभा होतो. अळी तुकड्याशी पोचली, थांबली, मग डोकं खाली घातलं. मी नळी हळूच कानाशी नेली. आत अगदी बारीक, एकसारखा आवाज येत होता. इतकी वर्षं त्या खोलीत काढली, पण अळी खाते तेव्हा ऐकू येतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.